पन्नास पेट्यांचा हिशेब

२९ अधिक ६ अधिक ६ अधिक ८. बेरीज ४९. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’चा उत्तरार्ध या बेरजेवर चालतो, आणि ही कादंबरी मराठीतून वाचल्याचं सांगणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसते. दोष त्यांचा नाही. सव्वाशे-दीडशे पानांत पुस्तक बसवायचं ठरलं की पहिली कात्री याच हिशेबावर चालते.

हिशेब असा आहे. काउंट ड्रॅक्युला या रक्त पिणाऱ्या सरदाराला स्वतःच्या भूमीतल्या मातीशिवाय विसावा नाही. म्हणून ट्रान्सिल्व्हानियातून निघताना तो मातीनं भरलेल्या ५० पेट्या सोबत घेतो. ‘डिमीटर’ जहाज त्या इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या बंदरात आणतं, तिथून त्या रेल्वेनं लंडनला जातात आणि कारफॅक्स नावाच्या पडीक वाड्यात रचल्या जातात. काउंटच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग आणि त्याची मंडळी तिथं शिरतात तेव्हा मोजणी होते: पेट्या २९. मग २१ गेल्या कुठं? इथून पुढं जे घडतं ते भुताच्या गोष्टीपेक्षा जमिनीच्या दाव्यासारखं आहे. त्यांच्यातला वकील जोनाथन हार्कर वाहतुकीचे कागद बघतो, वकिलांच्या कचेऱ्या पालथ्या घालतो, पेट्या उचलणाऱ्या हमालांचे पत्ते काढतो, त्यांच्या हातावर पैसे ठेवतो. ६ पेट्या लंडनच्या माइल एंड भागात, ६ बर्मंडसीत आणि ९ पिकॅडिलीच्या घरात, असा मेळ बसतो. पेटीत ख्रिस्ती प्रसादाच्या भाकरीचा तुकडा ठेवला की ती पेटी काउंटला कायमची बाद. एकेक करून सगळ्या बाद करायच्या. आणि पिकॅडिलीत नवाच्या जागी आठच सापडतात.

उरलेल्या त्या एका पेटीमागं कादंबरी पुन्हा ट्रान्सिल्व्हानियापर्यंत धावते.

जुन्या व्हॅम्पायरकथेची खरी ताकद इथं आहे. धुकं, लांडगे, करकरणारं दार हे सगळं आहेच, पण ते कुणालाही जमतं. शत्रूला बंधनं असावीत, ती आपल्याला कळावीत, कळल्यावर हातात काहीतरी यावं आणि तरीही एक पेटी हातातून निसटावी, ही भीती वेगळी. ज्याला कसलंच बंधन नाही त्याची भीती वाटत नाही. त्याच्यापुढं माणूस नुसता हात टेकतो. म्हणून व्हॅम्पायरकथा जुनी चांगली की नवी, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कुठलीही व्हॅम्पायरकथा हातात घ्यावी आणि दोन गोष्टी विचाराव्यात: बंधन काय आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतं? या कसोटीवर काही नवी पुस्तकं जुन्यांच्या पुढं जातात आणि काही अगदीच खाली घसरतात. मराठीत मात्र ही तुलना होऊच शकत नाही. कारण जुन्याचा फक्त सांगाडा आपल्यापर्यंत आला आहे.

पूर्ण पुस्तक हवं की सांगाडा, हा प्रश्न कोल्हापुरात विचारण्याला अर्थ आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो १९४५ साली. महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ उजाडलं. वाचनालय ही सार्वजनिक गोष्ट आहे आणि त्यात सार्वजनिक पैसा घातला पाहिजे, हे या गावाला स्वातंत्र्याच्या आधीच पटलेलं होतं. मग त्या पैशातून कुठली प्रत घ्यायची, भयकथा म्हणजे पोरांनी सुट्टीत वाचायचा प्रकार म्हणून पाठ्यपुस्तकांच्या गाइडशेजारी कोंबायची की कादंबरीच्या कपाटात ठेवायची, हाही सार्वजनिक प्रश्नच झाला.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘जुना ड्रॅक्युला’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो पुस्तकातला नाहीच, तो पडद्यावरचा आहे. ऊन लागलं की व्हॅम्पायरची राख होते, हे स्टोकरनं लिहिलेलं नाही. १८९७ च्या कादंबरीत काउंट भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर उभा असतो, हार्कर त्याला पिकॅडिलीत बघतो आणि हादरतो. दिवसा त्याची शक्ती आखडते, हवं तेव्हा रूप बदलता येत नाही, एवढंच. उन्हानं मरणं आलं ते १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटातून. हक्क न घेता केलेला तो चित्रपट. स्टोकरच्या विधवा पत्नीनं दावा लावला आणि १९२५ मध्ये त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. प्रती काही सगळ्या नष्ट झाल्या नाहीत, आणि ऊन तर जगभर पसरलं. तीच गोष्ट छातीत ठोकायच्या खुंटीची. काउंटनं व्हॅम्पायर केलेल्या ल्यूसीला खुंटी ठोकतात, काउंटला नाही. तो मरतो दोन सुऱ्यांनी: हार्करची कुकरी गळ्यावर, अमेरिकन क्विन्सी मॉरिसची बोवी सुरी काळजात. नेपाळी कुकरी व्हिक्टोरियन वकिलाच्या हातात कशी, हा प्रश्न साम्राज्याच्या इतिहासाला विचारावा.

म्हणजे नव्या पुस्तकांशी आपण ज्याची तुलना करतो तो पडद्यावरचा गृहस्थ मूळ पुस्तकात शोधून सापडायचा नाही. तिथं एक म्हातारा सरदार आहे, जो सोफ्यावर आडवा पडून इंग्लंडचं रेल्वे वेळापत्रक वाचतो. हे दृश्य दुसऱ्याच प्रकरणात आहे. या माणसाची दहशत कळायला तेवढं एक वेळापत्रक पुरेसं आहे: तो येणार आहे, आणि कुठल्या गाडीनं ते तो आत्ताच बघून ठेवतो आहे. हार्कर तिथं गेलाय तोही कशासाठी? लंडनजवळच्या मालमत्तेचं खरेदीखत करायला.

आता संक्षेपात काय जातं ते एका धाग्यावर दाखवतो. सहाव्या प्रकरणात व्हिटबीच्या दफनभूमीत स्वेल्स नावाचा एक जख्ख म्हातारा खलाशी हार्करची होणारी बायको मीना आणि तिची मैत्रीण ल्यूसी यांना भेटतो. तो म्हणतो, या थडग्यांवर ‘इथे देह विसावला आहे’ असं कोरलंय ते निम्म्या ठिकाणी खोटं आहे. माणसं समुद्रात बुडाली, थडगी रिकामी आहेत. आणि ल्यूसी ज्या बाकावर रोज बसते त्याच्या खालच्या थडग्यात जीव दिलेला माणूस आहे. संक्षेप करणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याची बडबड आहे, काढून टाकू. आठव्या प्रकरणात त्याच बाकावर, झोपेत चालत आलेल्या ल्यूसीवर पहिला हल्ला होतो. आणि अठराव्या प्रकरणात व्हॅन हेल्सिंग व्हॅम्पायरचे नियम सांगतो त्यात कळतं की जीव दिलेल्याचं थडगं ही पवित्र न राहिलेली जागा, तिथं त्याला थारा मिळतो. दहा प्रकरणं उलटून गेल्यावर वाचकाच्या डोक्यात त्या म्हाताऱ्याची बडबड पुन्हा वाजते. मधल्या काळात ल्यूसीची शवपेटी उघडून रिकामीही सापडलेली असते. रिकाम्या थडग्यांची गोष्ट त्यानं आधीच सांगून ठेवली होती. म्हातारा गाळला की हल्ला उरतो, जागेचा अर्थ उरत नाही. आणि वाचक म्हणतो, जुन्या कादंबऱ्यांत सगळं उगाच घडतं.

असा प्रकार आपल्याकडंच झाला असं नाही. आइसलँडमध्ये १९०१ साली ‘ड्रॅक्युला’चं पुस्तक निघालं. त्यात किल्ल्याचा भाग फुगवून पुस्तकाचा बहुतेक सगळा ऐवज तिथंच खर्च केला होता आणि बाकीची कादंबरी शेवटच्या थोड्या पानांत उरकली होती. पात्रं बदलली, प्रसंग बदलले. कित्येक वर्षं बाहेरचे अभ्यासक त्याला मूळ पुस्तकाचा संक्षेप समजत राहिले. २०१४ मध्ये कुणीतरी शब्दाला शब्द लावून वाचलं तेव्हा हे भलतंच पुस्तक आहे हे कळलं. किल्ला ठेवायचा आणि कागदपत्रं टाकायची, ही ओढ सगळीकडं सारखीच.

पूर्ण मजकूर किती मोठा आहे? २७ प्रकरणं, इंग्रजीत साधारण १ लाख ६० हजार शब्द. विभक्तिप्रत्यय जोडून लिहिल्यामुळं मराठीत शब्दसंख्या कमी होते. सव्वा लाख धरू. पानाला ३०० शब्द धरले तर सव्वाचारशे पानं. दीडशे पानांचं पुस्तक म्हणजे सरळ दोन तृतीयांश गाळलेलं. यावर ठरलेलं उत्तर येतं: एवढं जाड पुस्तक आता कोण वाचणार, तेही डायऱ्या, पत्रं आणि तारांच्या रूपात? हे उत्तर निदान कोल्हापुरात देऊ नये. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ लिहिली. नऊ भाग, सहा निवेदक: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. एकच घटना एकाच्या तोंडून ऐकायची, मग दुसऱ्याच्या तोंडून तिचा वेगळा अर्थ लावायचा, हे मराठी वाचक अर्धशतकापेक्षा जास्त काळ आनंदानं करतो आहे. ‘ड्रॅक्युला’ हे करतेच, शिवाय एक पाऊल पुढं जाते: निवेदक एकमेकांची टिपणं वाचतात. मीना सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून तारखेनुसार लावते आणि त्या वाचूनच मंडळींना शत्रू कोण हे उमगतं. काउंट चिडून मूळ कागद जाळतो तेव्हा वाचते ती तिजोरीत ठेवलेली जास्तीची प्रत. व्हॅम्पायरला हरवण्यात लसणाइतकाच टाइपरायटरचा हात आहे.

पूर्ण भाषांतर म्हणजे नुसतं सगळं उतरवणं नव्हे, हेही सांगायला हवं. अडचणी खऱ्या आहेत. पहिली अडचण शब्दाची. स्टोकरच्या मनात पुस्तकाचं नाव होतं ‘द अन-डेड’. मराठीत सरळ नकार लावून बघा: अ-मृत. रक्त पिणाऱ्या प्रेताला आपण अमृत म्हणून बसलो! ‘जिवंत प्रेत’ चालेल, पण त्यात प्रेत चालतं एवढंच येतं; मरण अर्धवट राहिलंय, ते पुरं करून द्यायचंय, ही व्हॅन हेल्सिंगची करुणा येत नाही. मला ‘न-मेलेला’ हा ओबडधोबड शब्द बरा वाटतो. त्यातलं ‘मेलेला’ कानाला टोचत राहतं.

दुसरा शब्द ‘वेताळ’. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत आणल्या आणि शीर्षकात वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं. तेव्हापासून उलट्या दिशेनंही हा घोटाळा चालू आहे. पण ‘कथासरित्सागरा’तला वेताळ रक्त पीत नाही, राजाच्या खांद्यावर बसून न्यायाचे पेच टाकतो, आणि शेवटी कपटी साधूपासून राजालाच वाचवतो. कोकणात आरवलीच्या वेतोबाला लोक भलेमोठे चामडी जोडे वाहतात, तो गावाची राखण करत रात्री फिरतो म्हणून. आणि कोल्हापुरात वेताळमाळ म्हटलं की आधी तालीम आणि फुटबॉल आठवतो. अशा देवाला काउंटच्या पंगतीत बसवणं बरं नव्हे. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द मराठीत रुळलाय, तोच ठेवावा.

तिसरी गोष्ट अडचण नाही, उलट घबाड आहे. ल्यूसी मेल्यावर परत येते तेव्हा डॉक्टर सीवर्ड तिला ल्यूसी म्हणायला कचरतो. ही वस्तू तिचं रूप घेऊन आली आहे, असं लिहितो. इंग्रजीत तो सर्वनाम बदलतो तेवढंच. मराठीत नपुंसकलिंग क्रियापदापर्यंत पोहोचतं. ‘ती उठली’ चं ‘ते उठलं’ झालं की पानावर थंडी पसरते. हिंदीला हे साधायचं नाही. फक्त ‘ते उठले’ होऊ देऊ नये, नाहीतर ल्यूसी एकदम आदरार्थी बहुवचनात जाईल आणि वाचक हसेल.

नव्या पुस्तकांत हीच क्रियापदं घात करतात. योन आयविदे लिंडक्विस्टच्या २००४ च्या स्वीडिश कादंबरीत एली हे पात्र आहे. शेजारच्या ऑस्करला ती मुलगी वाटते, वाचकालाही. खरं काय ते पुढं कळतं. स्वीडिशमध्ये ‘मी आले’ आणि ‘मी आलो’ असा फरक नाही, त्यामुळं एली मनमोकळं बोलू शकते. मराठीत एलीनं पहिलं वाक्य उच्चारलं की भाषांतरकाराला पक्ष घ्यावा लागतो. वाट आहे: भूतकाळ टाळायचा, ‘मला यायचं होतं’, ‘मला भूक आहे’ अशी वाक्यं बांधायची. कष्टाचं काम आहे, पण होण्यासारखं.

लिंडक्विस्टचं पुस्तक मी नव्यांत सर्वांत वर ठेवीन, आणि तेही जुन्याच नियमासाठी. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला पहिल्यांदा आत येता येत नाही, असं स्टोकरचा व्हॅन हेल्सिंग सांगतो. का येता येत नाही, आला तर काय होईल, हे १८९७ मध्ये कुणी विचारलं नाही. स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग उपनगरातला, शाळेत मार खाणारा ऑस्कर विचारतो. तो दारात उभ्या असलेल्या एलीला मुद्दाम ‘ये’ म्हणत नाही. एली तरीही आत पाऊल टाकते आणि तिच्या अंगभरातून रक्त पाझरू लागतं. नियम तोच, पण त्याची किंमत आता व्हॅम्पायर मोजतो, आणि ऑस्करला आपण काय केलं ते दिसतं. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. रात्री दारातून एकदाच हाक आली तर ओ देऊ नये, हे हाकामारीच्या गोष्टीत आपण ऐकलेलं असतं. दोन्हीकडं उंबरठाच निर्णायक आहे. तिथं ‘ये’ म्हणायचं नाही, इथं ‘ओ’ द्यायची नाही.

आपली भुतं तर नियमांनीच बांधलेली. मुंजा पिंपळ सोडत नाही. चकवा वाट चुकवतो, मारत नाही. हडळ कुठल्या बाईची होते हे गावात प्रत्येकाला माहीत असतं. नारायण धारपांच्या कथांत समर्थ येतात ते नुसत्या मंत्राच्या जोरावर नाही; समोरच्या शक्तीला कुठं बांध घालता येतो ते त्यांना कळतं म्हणून. रत्नाकर मतकरींनी उलट वाट धरली, भूत माणसाच्या मनाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. या दोघांवर वाढलेल्या वाचकाला ‘ड्रॅक्युला’ जड जाईल, हे मला पटत नाही.

रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या ‘आय अ‍ॅम लेजंड’मध्ये नियमांचीच परीक्षा आहे. लॉस एंजेलिसमधला शेवटचा माणूस दिवसा लेथवर खुंट्या तासतो, लसूण पिकवतो आणि सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसतो: लसूण का चालतो, क्रूस का चालतो? त्याला कळतं की ज्यू असलेल्या शेजाऱ्यावर क्रूसाचा परिणाम नाही, त्याच्यावर तोराह चालतो. म्हणजे रोग जंतूचा, धाक मनाचा. स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’मध्ये फादर कॅलाहनच्या हातातला क्रूस तळपतो, तोवर व्हॅम्पायर मागं सरतो, श्रद्धा डळमळली की तोच क्रूस नुसतं लाकूड. जुन्या पुस्तकात क्रूस कुणाच्याही हातात चालायचा. किंगनं अट कडक केली आणि किंमत पाद्र्यावर टाकली.

अ‍ॅन राइस इथं पेच टाकते. १९७६ च्या तिच्या कादंबरीत व्हॅम्पायर स्वतःच टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलतो आणि क्रूसाबिसाचा धाक म्हणजे अफवा म्हणून झटकून टाकतो. इथंच मला वाटतं की संपलं. पण ती एक नवं बंधन घालते, आधीच्या सगळ्यांहून क्रूर. पाच वर्षांच्या क्लॉडियाला व्हॅम्पायर केलं जातं. मन बाईचं होतं, शरीर पाच वर्षांचंच राहतं, कायमचं. वय न वाढणं हे वरदान म्हणून आजवर सगळ्यांनी लिहिलं होतं. राइसनं त्याचं बिल दाखवलं.

आणि मग २००५ पासूनची ‘ट्वायलाइट’ मालिका. तिची टिंगल करणं सोपं आहे आणि मला ती पुरती मान्य नाही. हजारो पोरींना तिनं जाड पुस्तकं हातात धरायला लावली. एडवर्डची भूक आणि प्रेम यांतली ओढाताण पहिल्या भागात खरी आहे. पण कसोटी लावून बघा. उन्हात गेलं तर काय होतं? अंग चमकतं. त्याची किंमत काय? ऊन पडलं की शाळेला दांडी. रक्ताची तहान? प्राण्यांच्या रक्तावर भागते. नवा व्हॅम्पायर बेभान असतो, असं तीन पुस्तकं बजावून सांगितलं जातं आणि नायिका व्हॅम्पायर होते तेव्हा तिला पहिल्या दिवसापासून ताबा असतो. शेवटी दोन फौजा समोरासमोर येतात आणि बोलून परत जातात. प्रत्येक हप्ता माफ. वसुलीच होत नाही म्हटल्यावर कर्जाची भीती कशी वाटणार?

कर्जाचा शब्द सहज आला नाही. मराठीत ‘रक्त पिणारा’ म्हटलं की पहिला डोळ्यासमोर येतो तो सावकार. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ कोल्हापुरात काढला तो १९२५ साली, ‘नोस्फेरातू’नंतर तीनच वर्षांनी. मार्क्सनंही १८६७ मध्ये भांडवलाला व्हॅम्पायरचीच उपमा दिली. आणि जुनी पुस्तकं उघडून बघा: १८१९ मध्ये पॉलिडोरीचा रुथवेन हा लॉर्ड, १८७२ मध्ये ल फॅनूची कार्मिला कार्नस्टाइन सरदारघराण्यातली, १८९७ मध्ये काउंट. गढी डोंगरावर, गाव पायथ्याशी, रक्त गावाचं. वाडे आणि गढ्या बघत वाढलेल्या वाचकाला हे टीप देऊन समजावावं लागत नाही.

जुन्यात खोट नाही असं मुळीच नाही. व्हॅन हेल्सिंगची भाषणं कंटाळवाणी आहेत. मीनाचं कौतुक करायचं तर तिला पुरुषाचा मेंदू आहे असं म्हणावं लागतं, आणि नंतर तिलाच बैठकीतून वगळतात. त्याचीच फळं सगळे भोगतात. परदेशी माणसाबद्दलची भीती पानोपानी आहे. ल्यूसीला चार पुरुषांचं रक्त एकामागून एक चढवतात. रक्तगटांचा शोध १९०१ चा, त्यामुळं आजचा वाचक तिथं व्हॅम्पायरपेक्षा डॉक्टरलाच घाबरतो. भाषांतरात हे झाकू नये. छोटी प्रस्तावना द्यावी आणि वाचकावर सोडावं.

व्यवहाराचं बोलू. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पॉलिडोरी १८२१ मध्ये गेला, ल फॅनू १८७३ मध्ये, स्टोकर १९१२ मध्ये. तिघांचंही भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही, मानधन द्यावं लागतं ते फक्त भाषांतरकाराचं. मॅथेसन २०१३ मध्ये गेला, म्हणजे २०७३ संपेपर्यंत हक्क विकत घ्यावे लागतील. राइसच्या बाबतीत २०८१ संपेपर्यंत. बाकीचे हयात आहेत. मर्यादित पैसा असलेल्या प्रकाशकानं सुरुवात कुठून करावी हे यावरूनच दिसतं. पहिलं पुस्तक ‘कार्मिला’चं करावं: १६ छोटी प्रकरणं, मराठीत शंभरेक पानं, दोन मुलींच्या ओढीची आणि भीतीची अशी गुंफण की शेवटचं वाक्य, दिवाणखान्याच्या दाराशी ऐकू येणारं हलकं पाऊल, विसरता येत नाही. मागं पॉलिडोरीची वीस-पंचवीस पानं जोडावीत. मग ‘ड्रॅक्युला’, अखंड. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ की ‘संपूर्ण’ हे ठळक छापावं आणि वाचनालयांनी नोंदवहीत तसंच लिहावं. आज तसं काहीच कळत नाही. वाचक घरी नेतो आणि एक तृतीयांश वाचून पूर्ण वाचल्याच्या समजुतीत परत करतो.

आणि वाचनमंडळांना एक सोय आयती मिळते. कादंबरीत प्रत्येक नोंदीला तारीख आहे: सुरुवात ३ मे, शेवट ६ नोव्हेंबर. त्या-त्या तारखेला तेवढंच वाचायचं. मे महिन्यात हार्कर किल्ल्यात अडकलेला असेल, इकडं वळवाची वाट बघणं चालू असेल. प्रकरणं तारखेच्या क्रमानं नीट लागत नाहीत, मीनाची पत्रं मध्येच मे महिन्यात मागं जातात. म्हणून कुणीतरी आधी एक तक्ता करून ठेवावा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात गोंधळ उडतो. ‘डिमीटर’ व्हिटबीच्या वादळात किनाऱ्याला लागतं ती बातमी ८ ऑगस्टची. त्या सुमाराला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठणार का, याकडं सगळ्या गावाचं लक्ष असतं. वाहतं पाणी व्हॅम्पायरला स्वतःहून ओलांडता येत नाही. भरतीच्या नाहीतर पाणी थबकलेल्या घटकेलाच ते जमतं. पंचगंगेला भरती-ओहोटी नाही. म्हणजे त्याला शिवाजी पुलावरून पेटीतूनच आणावं लागेल, पेटी उचलायला हमाल लागेल, आणि हमालाकडं पावती असेल.